पणजोबांनी घडवलेल्या बंदुका कोठे शोधाव्यात?

प्रश्न : आमचे मूळ गाव कुडाळ तालुक्यात आहे. माझे पणजोबा लोहारकाम करीत आणि ठासणीच्या बंदुका व रायफली घडवीत, असे घरात सांगितले जाते. पण त्यांच्या हातची एकही वस्तू आज आमच्याकडे उरलेली नाही. त्यांनी घडवलेली एखादी रायफल शोधायची असल्यास सुरुवात कोठून करावी? सापडल्यास ती विकत घेऊन घरी ठेवता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला शोध केवळ रायफलींपुरता ठेवू नका. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतील तर ती रायफल. गावठी ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुका, मात्र बहुधा गुळगुळीत नळीच्याच असत. जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरण्याआधी गावाकडचे परवाने पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रानडुकरे आणि वानर यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी कोकणात ठासणीच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने चालत आले आहेत, आणि परवान्यात बंदुकीचा प्रकार व क्रमांक लिहिलेला असतो. एकनळी ठासणीची बंदूक तेथे ‘एसबीएमएल’ अशी नोंदलेली आढळेल. कुडाळ 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात, त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आणि 1 मे 1981 पासून सिंधुदुर्गात आहे. त्यामुळे एकाच बंदुकीचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असू शकतात, त्यांतले संस्थानी काळातले मोडी लिपीतही असतील. सिंधुदुर्गाच्या ओरोस येथील जिल्हाधिकारी कार्यालयातून इतरांच्या परवान्यांची माहिती आपल्याला सहजासहजी मिळणार नाही, कारण ती व्यक्तिगत ठरते. म्हणून परवानाधारकांनाच भेटावे. खंडेनवमीला शस्त्रे पूजेसाठी बाहेर काढली जातात. त्या सुमारास गावात असलात तर विचारणे सोपे जाते.

बंदूक पाहायला मिळाली तर आधी ती भरलेली नाही याची खात्री मालकाकडून करून घ्या, कारण जुन्या ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षे बार तसाच राहिलेला असू शकतो. गज (दारू ठासण्याची सळई) नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करतात आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहतात; खूण तोंडाशी ठेवली असता गजाचे टोक कानाच्या (नळीच्या मागच्या टोकाशी बार पेटवण्यासाठी असलेल्या छिद्राच्या) बरेच अलीकडे राहिले, तर आत काहीतरी आहे असे समजावे आणि बंदुकीला हात न लावता परवानाधारक कारागिराला बोलवावे. कारागिराची खूण पुष्कळदा नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्याच्या लाकडाआड दडलेली असते. खाऱ्या दमट हवेने तेथे गंज चढतो, पण तो पॉलिशपेपरने घासू नका, खूण कायमची जाईल. बाजूने तिरका उजेड टाकून छायाचित्र काढावे, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवावी. खूण विलायती निघाली तरी निराश होऊ नका. तयार नळी किंवा तयार घोडा विकत आणून त्यावर दस्ता बसवणारे कारागीरही होते, आणि अशा बंदुकीत आपल्या पणजोबांचे काम लाकडात आणि जोडकामात शोधावे लागेल.

आता विकत घेण्याविषयी. शस्त्र अधिनियम, 1959 मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना आहे खरी, पण ते हत्यार दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असले पाहिजे. बार उडू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतोच, आणि तो मालकाच्या नावावर असल्याने पैसे देऊन ती परस्पर घरी आणणे हा गुन्हा ठरेल. परवाना घेण्याची तयारी नसेल, तर मालकाच्या संमतीने छायाचित्रे, मापे आणि खुणेचा ठसा घेऊन ठेवावा. वंशाच्या इतिहासासाठी तेवढे पुरेसे आहे. एखाद्या घराच्या माळ्यावर बिनपरवाना बंदूक सापडली, तर ती उचलून आणू नका. त्या घरच्यांनी आधी पोलीस ठाण्यात कळवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखालीही येते, म्हणून परदेशातील नातेवाइकांकडे ती पाठवण्याचा विचार मनात आणू नये.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. गावाकडे जाण्याआधी ती पाहून यावीत, म्हणजे तोड्याची, चकमकीची आणि टोपीची बंदूक (दारू पेटवण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती) यांतला फरक डोळ्यांना कळू लागेल.