वाचकांचे प्रश्न : आधी चाके मोजा

मे २०२५ मधील लष्करी कारवाईनंतर या सदराच्या टपालात रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांविषयीच्या पत्रांची संख्या एकदम वाढली. नागपूरकरांना हा विषय परका नाही. अंबाझरीची आयुध निर्माणी शहराला लागूनच आहे, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, भंडारा आणि भद्रावती येथे निर्माण्या आहेत, पुलगावला दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. त्यामुळे घरातले नाही तर शेजारचे कुणीतरी ‘डिफेन्स’ला असतेच. आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. ‘जगातील सर्वश्रेष्ठ दहा रणगाड्यांची क्रमवारी छापा’ अशी मागणी करणारी पत्रे मात्र बाजूला ठेवली आहेत. त्याचे कारण पहिल्याच उत्तरात सापडेल.

प्रश्न : अर्जुन आणि टी-९० यांपैकी श्रेष्ठ रणगाडा कोणता, यावरून आमच्या वसतिगृहात रोज वाद होतो. कृपया एकदाचा निकाल द्यावा.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘यातला बैल चांगला कोणता’ असे विचारले, तर तो आधी ‘नांगराला की शंकरपटाला?’ असे विचारील. आपल्या वादात हा उलटा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. आकडे मात्र आपण नीट जमवले आहेत, तेव्हा त्यांच्याच आधारे पाहू.

भारतीय बनावटीच्या अर्जुनच्या पहिल्या आवृत्तीचे वजन सुमारे ५८.५ टन आणि इंजिन १,४०० अश्वशक्तीचे आहे. मूळचा रशियन टी-९० सुमारे ४६.५ टनांचा आणि १,००० अश्वशक्तीचा आहे. भागाकार केला, तर अर्जुनच्या वाट्याला दर टनामागे जवळजवळ २४ अश्वशक्ती येते आणि टी-९०च्या वाट्याला साडेएकवीस. येथवर अर्जुनची सरशी झाली. परंतु सैन्याने सुचवलेल्या सुधारणा करून अर्जुनची जी मार्क-१ए ही आवृत्ती तयार झाली, तिचे वजन ६८ टनांवर गेले आणि इंजिनाची ताकद तेवढीच राहिली. म्हणजे तिचे प्रमाण साडेवीसवर उतरले आणि आपल्या वसतिगृहातला निकाल फिरला. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. फरक एवढाच की ती दोन वेगवेगळ्या रणगाड्यांची आहेत, आणि वाद घालणारे बहुधा नुसते ‘अर्जुन’ म्हणून थांबतात.

वजनाविषयी आणखी एक गैरसमज आपल्या पत्रात आहे. जड रणगाडा आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रुतून बसेल, असे आपण लिहिता. रुतणे एकूण वजनावर नव्हे, तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर येणाऱ्या भारावर अवलंबून असते. साखळीपट्ट्यांमुळे रणगाड्याचे वजन इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरते, की अर्जुनच्या पहिल्या आवृत्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षाही कमी भरतो, तर साध्या मोटारीच्या टायरखाली तो दोन किलोंच्या आसपास असतो. ज्या पांधणीत आपली मोटार अडकेल, तेथून रणगाडा निघून जाण्याची शक्यता अधिक. पुलाचे तसे नाही. पुलाला संपूर्ण वजन पेलावे लागते. सीमेलगतच्या कालव्यांवरचे आणि नाल्यांवरचे पूल, रणगाडे वाहून नेणारे ट्रेलर, रेल्वेच्या सपाट वाघिणी या सगळ्यांचा हिशेब वजनाशी बांधलेला असल्यामुळे दहा-वीस टनांचा फरक रणांगणावर पोहोचण्यापूर्वीच जाणवू लागतो. लडाखसारख्या उंचावरच्या प्रदेशासाठी सुमारे २५ टनांचा ‘जोरावर’ हा हलका रणगाडा स्वतंत्रपणे तयार करावा लागला, तोही याच हिशेबाने.

आता तोफेकडे येऊ. अर्जुनची तोफ १२० मिलिमीटरची असून तिच्या नळीला आतून आटे आहेत. टी-९०ची १२५ मिलिमीटरची नळी आतून गुळगुळीत आहे. टी-९०मध्ये गोळा भरण्याचे काम यंत्र करते, म्हणून तिघांचे पथक पुरते आणि रणगाडा बुटका ठेवता येतो. अर्जुनमध्ये गोळे भरणारा चौथा माणूस लागतो, आणि त्याला उभे राहायला जागा द्यायची म्हणून बुरूज, म्हणजे तोफेसह फिरणारा वरचा भाग, ऐसपैस करावा लागतो. या बुटकेपणाची किंमत कोणती, ते युक्रेनच्या युद्धात जगाने पाहिले. टी-७२ आणि टी-९० या घराण्यात २२ गोळ्यांचे चक्र थेट पथकाच्या पायाखाली असते, आणि आतला दारूगोळा पेटला की बुरूज उडून दूर जाऊन पडतो. मात्र जो रणगाडा बुटका आहे, तो मुळात शत्रूला कमी वेळा दिसतो आणि त्याला गोळा कमी वेळा लागतो. पण जो गोळा लागलाच नाही, त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही. हौशी अभ्यासकांच्या आवडत्या छायाचित्रांत ही बाजू कधीच येत नाही, हे आपल्या मित्रांना सांगून पाहावे.

या दोहोंपैकी सैन्याने कोणता घेतला, हेही आपण पत्रात विचारले आहे. २००१ मध्ये ३१० टी-९०चा पहिला करार झाला आणि पुढे त्यांची संख्या हजारावर गेली; अर्जुन पहिल्या आवृत्तीचे १२४ घेतले गेले आणि मार्क-१एच्या ११८ रणगाड्यांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली. यावरून श्रेष्ठत्व ठरवू नये. चेन्नईजवळच्या आवडी या गावचा रणगाड्यांचा कारखाना, सुटे भाग, आधीच प्रशिक्षित असलेली पथके आणि तयार असलेले पूल या गोष्टीही खरेदीत मतदान करतात.

प्रश्न : रणगाडाभेदी क्षेपणास्त्र चिलखत वितळवून आत शिरते, असे मी वर्गात सांगितले. नववीतल्या एका मुलाने हे चूक असल्याचे म्हटले. कोण बरोबर?
— विज्ञान शिक्षिका, महाल

उत्तर : बाई, मुलगा बरोबर आहे, आणि त्याने ते वर्गात म्हणण्याचे धाडस केले, याचे निम्मे श्रेय आपलेच आहे.

अशा क्षेपणास्त्राच्या अग्रभागी स्फोटक असते आणि त्या स्फोटकाला समोरून शंकूच्या आकाराची पोकळी ठेवलेली असते. पोकळीच्या आतल्या बाजूला बहुधा तांब्याचा पातळ पत्रा बसवलेला असतो. स्फोट झाला की हा शंकू सर्व बाजूंनी अक्षाकडे चिरडला जातो आणि त्यातून तांब्याची एक बारीक धार पुढे फेकली जाते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १० किलोमीटर असतो. इतक्या वेगाची धार पोलादावर आदळते, तेव्हा तेथे निर्माण होणाऱ्या दाबापुढे पोलादाची मजबुती नगण्य ठरते आणि ते चिखलासारखे बाजूला सरकते. बागेतल्या पाइपाची धार ओल्या मातीत भोक पाडते, ती माती वितळवून नव्हे. तसेच हे आहे. तांबे तापते खरे, पण धार बहुतांशी घनरूपच राहते. काम उष्णतेचे नसून वेगाचे आणि दाबाचे आहे.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. क्षेपणास्त्र स्वतः किती वेगाने आले, याला भेदण्याच्या दृष्टीने जवळजवळ महत्त्व नाही. ते सेकंदाला दोनशे मीटर वेगाने आले काय आणि हजार मीटरने आले काय, भोक तेवढेच पडते. क्षेपणास्त्र हे स्फोटक योग्य जागी नेऊन ठेवणारे हमाल आहे. रणगाड्याच्या तोफेतून सुटणारी टंगस्टनची लांब सळई याच्या अगदी उलट आहे. तिच्यात स्फोटक नसतेच, असतो तो केवळ वेग. पाच किलोंची सळई सेकंदाला १,७०० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ७२ लाख ज्यूल होते. वर्धा रोडवर ताशी ९७ किलोमीटर वेगाने चाललेल्या २० टनांच्या ट्रकची ऊर्जा साधारण एवढीच असते. फरक हा, की सळई ती सगळी एका नाण्याएवढ्या जागेवर ओतते. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.

त्याच मुलासाठी आणखी दोन मुद्दे देतो. चिलखत उभे न ठेवता लंबापासून ६० अंशांनी कलते ठेवले, तर १०० मिलिमीटर पत्र्यातून जाण्यासाठी २०० मिलिमीटर अंतर कापावे लागते. कोज्या (कोसाइन) ६० अंश म्हणजे अर्धा, हे त्याला गणितात भेटेल. आणि आधुनिक रणगाड्यांवर विटांसारखे जे डबे बसवलेले दिसतात, त्यांत दोन पत्र्यांच्या मधे स्फोटक असते. तांब्याची धार लागताच ते फुटते आणि फेकले जाणारे पत्रे धारेला छेदून तिचे तुकडे करतात. त्यावर उपाय म्हणून क्षेपणास्त्रात एकामागे एक अशी दोन स्फोटके बसवू लागले : पहिले वीट फोडते, दुसरे चिलखत. अर्जुनच्या नळीतून डागायचे लेसरनियंत्रित क्षेपणास्त्र असेच आहे. पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेने ते विकसित केले असून सप्टेंबर २०२० मध्ये अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर तीन किलोमीटर अंतरावरील लक्ष्यावर त्याची चाचणी झाली.

प्रश्न : ‘नाग’ क्षेपणास्त्राचे नाव नागपूरवरून पडले का? आणि ‘डागा आणि विसरा’ म्हणजे नेमके काय विसरायचे?
— एक निवृत्त जवान, कामठी

उत्तर : नाव नागपूरवरून पडलेले नाही. १९८३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूल आणि नाग अशी पाच नावे होती. आपले शहर नाग नदीवरून ओळखले जाते, ते क्षेपणास्त्र सर्पावरून. हे क्षेपणास्त्र आधी वर उठते आणि मग वरून झडप घालते, कारण रणगाड्याचे छप्पर सर्वांत पातळ असते. फणा काढणे यालाच म्हणतात, असे मला नेहमी वाटते.

विसरायचे असते ते लक्ष्य. जुन्या सोव्हिएत ‘माल्युत्का’मध्ये डागणारा सैनिक एका दांडीने क्षेपणास्त्र अक्षरशः हाकत नेत असे. तीन किलोमीटरला पंचवीसएक सेकंद लागत, आणि समोरून गोळीबार चालू असताना तेवढा वेळ हात स्थिर ठेवणे सोपे नव्हते. मिलान आणि कोंकुर्स या क्षेपणास्त्रांत काम हलके झाले : सैनिकाने दुर्बिणीची फुली लक्ष्यावर धरून ठेवायची आणि मागून उलगडणाऱ्या तारेतून आज्ञा यंत्रणेने पाठवायच्या. तरीही जागा सोडता येत नसे. नागच्या टोकाला उष्णतेचे चित्र पाहणारा डोळा आहे. डागण्यापूर्वी त्याला लक्ष्य दाखवले, की पुढचा पाठलाग तो स्वतः करतो आणि पथकाला लगेच जागा बदलता येते. आपल्या गार्ड्सच्या काही पलटणी रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांच्याच आहेत, तेव्हा या फरकाचे मोल मी आपणास सांगायला नको.

या डोळ्याने विकासात बराच काळ खाल्ला. राजस्थानच्या दुपारी वाळूही तापलेली आणि रणगाडाही तापलेला, मग चित्रात लक्ष्य वेगळे उठून दिसेना. नागपूरच्या मे महिन्यात टिनाचे छप्पर, डांबर आणि उभी मोटार यांतले काय अधिक तापले आहे, हे हात लावून सांगता येत नाही, तशीच ही अडचण होती. अधिक सूक्ष्म फरक टिपणारा डोळा आल्यावर ती सुटली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पोखरणला नागची अंतिम चाचणी पार पडली.

प्रश्न : प्रवासात एका गावच्या चौकात ठेवलेला रणगाडा पाहिला. फलकावर ‘शत्रूकडून जिंकलेला पॅटन’ असे लिहिले होते. माझ्या नातवाने मात्र चाके मोजली आणि ‘आजोबा, हा पॅटन नाही’ असे म्हणाला. छायाचित्र सोबत जोडले आहे.
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : नातवाचे अभिनंदन. पॅटन या अमेरिकी रणगाड्याला प्रत्येक बाजूस सहा चाके असतात. आपल्या छायाचित्रात पाच आहेत, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकाच्या मधे ठळक मोकळी जागा आहे. ही टी-५४ आणि टी-५५ यांची खूण. चीनने टी-५४ची ‘टाइप ५९’ नावाची प्रत काढली आणि १९७१च्या युद्धात पाकिस्तानकडे ती होती, तर भारताकडे टी-५५ होते. म्हणून हा रणगाडा जिंकलेलाही असू शकेल आणि आपला स्वतःचा निवृत्त झालेलाही. ते चाकांवरून ठरत नाही. फलक लिहिणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे. १९६५च्या असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे इतके पॅटन हाती लागले, आणि जीपवरच्या तोफेने ते फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांचे नाव इतके घरोघर पोहोचले, की आपल्याकडे चौकातला प्रत्येक रणगाडा पॅटनच ठरतो.

खरा पॅटन दाखवायचा असेल, तर नातवाला अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये घेऊन जावे. नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या काही गाड्या मनमाड-दौंड मार्गाने अहिल्यानगरवरूनच जातात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पन्नासएक वाहने आहेत आणि तेथे चाके मनसोक्त मोजता येतात.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळात रमलेला असतो. आता मित्राचा ड्रोन घेऊन निर्माणीचे चित्रण करणार म्हणतो. हा छंद सोडवावा का?
— एक आई, प्रतापनगर

उत्तर : छंद सोडवू नये, ड्रोन मात्र आजच काढून घ्यावा. संरक्षण आस्थापनांभोवतीचे आकाश ड्रोनसाठी बंद असते, आणि प्रतिबंधित ठिकाणाचे चित्रण किंवा रेखाटन १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकते. तेथे ‘मला आवड आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘वॉर थंडर’ या खेळाचे उदाहरण त्याला सांगावे. आपल्या आवडत्या रणगाड्याचे आकडे खेळात चुकीचे आहेत, हे सिद्ध करण्याच्या हट्टापायी खेळाडूंनी २०२१ मध्ये ब्रिटिश चॅलेंजर-२ आणि फ्रेंच लेक्लेर्क यांच्या गोपनीय पुस्तिकांतील पाने सर्वांसमोर ठेवली, आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीलाच ती घाईने काढावी लागली.

त्याच्या हाताला दुसरे काम द्यायचे असेल, तर १:३५ प्रमाणातील प्रतिकृती जोडायला आणून द्यावी. हे विचित्र प्रमाण १९६१ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याच्या प्रतिकृतीसाठी निवडले, ते कोणत्याही शास्त्राने नव्हे, तर आत मोटर आणि बॅटरी मावाव्यात म्हणून. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले. अर्जुनची प्रतिकृती बाजारात मिळाली नाही, तर त्याने ती पुठ्ठ्याची करावी. तोफ पुढे धरून तिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर भरेल, आणि चाके प्रत्येक बाजूस सात हवीत.