मांड पक्की, हात सैल

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय पोरा,

परवा गॅरेजात तू विचारलंस, “काका, फेब्रुवारीत मोटरसायकल चालवायला चेन्नईला रेसच्या ट्रॅकवर जायचंय, जिम लावू का?” माझ्या हातात क्लच प्लेटा होत्या, समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून नुसतं “लाव” म्हणून मोकळा झालो. रात्री झोप येईना. अर्धवट उत्तरावर तू तीन महिने घाम गाळशील आणि तिथं जाऊन नेमका नको तिथंच कमी पडशील, ही रुखरुख लागली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझंच ऐक. त्या ट्रॅकवर पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. दंड असे की शर्टाच्या बाह्या तटतटायच्या. तालमीत घाम गाळलेला, मला काय होणार, अशा थाटात गेलो. दुपारच्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पाळीला, सहाव्या फेरीत उजवा हात कोपरापासून खाली लाकडासारखा झाला. ब्रेकचा लिव्हर बोटांखाली आहे एवढं कळत होतं, पण तो किती दाबला जातोय ते कळेना. वळणाआधी ब्रेक अपुरा पडला, गाडी सरळ बाहेर खडीत गेली, मी हात टेकत पडलो आणि कॉलरबोन मोडून परत आलो. गाडी चोख होती, ट्रॅकही चोख होता. चूक एकच, मी हँडलला धरून गाडीवर बसलो होतो.

आपल्याकडे घोड्यावर बसण्याला एक शब्द आहे, मांड. जुने लोक म्हणायचे, घोडा मांडीनं चालवायचा, लगाम नुसता बोलायला. लगामाला लोंबकळणाऱ्या माणसानं घोड्याचं तोंड खराब होतं. मोटरसायकलचंही तसंच आहे. पुढचं चाक रस्त्याशी काय बोलतंय ते हँडलमधून तुझ्या तळव्यांना कळलं पाहिजे, आणि आवळून धरलेल्या हाताला काही कळत नाही. म्हणजे ट्रॅकसाठी अंग तयार करायचं ते हात सैल राहावेत म्हणून.

आता हिशेब बघ. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वळणं १२. नवख्याची फेरी अडीच मिनिटांची धरली तर वीस मिनिटांच्या सेशनमध्ये आठ फेऱ्या, म्हणजे शंभरच्या आसपास वळणं. प्रत्येक वळणाला सीटवरून किंचित उठायचं, कंबर बाजूला सरकवायची, बाहेरच्या बाजूची मांडी टाकीत रोवायची, आणि वळण संपलं की परत मध्ये यायचं. अर्धी बैठकच ती, फक्त तिरकी. अशा शंभर, आणि दिवसात अशी पाच-सहा सेशन. शिवाय सरळ पट्ट्याच्या शेवटी जोराचा ब्रेक लागतो तेव्हा जवळजवळ तुझ्या वजनाएवढा रेटा तुला पुढं ढकलतो. तू पासष्ट किलोचा. तो पासष्ट किलोचा रेटा एकतर तळव्यांवर येणार, नाहीतर गुडघ्यांनी टाकी आवळली असेल तर मांड्यांवर आणि पोटावर. तिसरी जागाच नाही.

तेव्हा मेहनतीचा मोठा वाटा कमरेखाली. बैठका मार, पण आकड्याच्या मागं लागू नकोस. अर्ध्या बैठकीत येऊन थांबायला शिक. सुरुवातीला तीस सेकंद, महिन्याभरात दीड-दोन मिनिटं. थांबताना दोन्ही गुडघ्यांमध्ये फुटबॉल धरून दाबायचा. कोल्हापुरात तो शोधायला लांब जावं लागणार नाही. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू साध्या बैठकांनी फारसे तयार होत नाहीत, आणि टाकी आवळायला नेमके तेच लागतात. दुसरं, पाय लांब फाकून एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर बसणं. यानं ताकद येते आणि खुबा मोकळा होतो. खुबा आखडलेला असला की गुडघा बाहेर निघत नाही, मग माणूस कंबर वळवून कसरत करतो आणि संध्याकाळी पाठ धरून बसतो. तू दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतोस, म्हणून तुझ्यासाठी हे जास्त महत्त्वाचं.

जोर आणि सपाट्या तुझ्या आजोबांच्या तालमीत जाऊन शिक. जिमपेक्षा मला ते बरं वाटतं, कारण तिथं सगळं अंग एकदम कामाला लागतं आणि वस्ताद चुकीचा जोर मोजत नाही. पोटासाठी प्लँक कर, पण पाठीकडचा व्यायाम विसरू नकोस. पालथं पडून छाती आणि पाय उचलून धरायचे. सरळ पट्ट्यावर टाकीवर वाकून मान वर ठेवायची असते, डोक्यावर दीड किलोचं हेल्मेट आणि त्यावर वारा. मानेसाठी पैलवानांचा ब्रिज, म्हणजे डोकं टेकून मानेवर अंग तोलणं, लगेच करू नकोस. कपाळाला, मग कानशिलाला, मग मागं हात लावून डोक्यानं हाताला रेटायचं आणि हातानं डोक्याला, एवढंच पुरे.

आता हाताचं. माझ्या हाताचं जे झालं त्याला रायडर मंडळी ‘आर्म पंप’ म्हणतात. कोपर ते मनगट यामधले स्नायू एका चिवट पडद्यात गुंडाळलेले असतात. सतत आवळून धरलं की स्नायूंत रक्त भरतं, ते फुगतात, पण पडदा ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्त बाहेर पडायची वाट अडते, बोटं बधिर होतात. हे नवख्यांनाच होतं असं नाही. मोटोजीपी म्हणजे मोटरसायकलींची सगळ्यात वरची जागतिक शर्यत, तिथल्या दानी पेद्रोसासारख्या अव्वल रायडरला २०१५ साली यासाठी हाताची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, तीन शर्यती बुडाल्या. म्हणून डंबेल घेऊन दंड आणि पुढचे हात फुगवायचा नाद आता सोड. दोरी किंवा बार धरून नुसतं लटकणं, हलक्या वजनानं मनगट खूप वेळा वरखाली करणं, आणि नंतर बोटं मागं ओढून ताण देणं, इतकंच हातांसाठी. गाडीवरही बघायचं. हात सरळ रेषेत राहील असा लिव्हरचा कोन मी लावून देईन. हातमोजे मनगटाला घट्ट नकोत. आणि सरळ पट्ट्यावर प्रत्येक फेरीला बोटं एकदा पियानो वाजवल्यासारखी हलवायची. ती हलत नसतील तर तू हँडल आवळून बसला आहेस. त्याच फेरीला वेग कमी कर. एवढं सगळं करूनही दर वेळी हात दगड होत असेल तर डॉक्टरला दाखवायचं, सोसायचं नाही.

दमसासाचं वेगळं सांगायला हवं. खासबागेत कुस्ती बघितली आहेस ना? पहिली काही मिनिटं ताकद दिसते, नंतर फक्त दम. गाडी इंजिन ओढतं, मग दम कशाला लागतो, असं लोक विचारतात. पण स्नायू सतत आवळलेले, अंगावर चार-पाच किलोचा चामड्याचा सूट, ऊन आणि भीती, सगळं मिळून हृदय पळतंच. आणि दम संपला की आधी डोकं जातं, हात नंतर. ब्रेक कुठं धरायचा, दुसरा गडी आत शिरतोय का, ट्रॅकवरची माणसं झेंडा कुठला दाखवतायत, हे सुटायला लागतं.

त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस रंकाळ्याला पळ. बोलता येईल इतक्याच वेगानं, पाऊण तास. कंटाळवाणं वाटेल, पण पाया यानंच होतो. एक दिवस विद्यापीठाच्या चढावर जोरात वर, चालत खाली, असं सहा-आठ वेळा. रविवारी सायकल काढून पन्हाळा. गुडघे कुरकुरत असतील तर पळण्याऐवजी अंबाई टँकला पोह.

दोन महिने झाले की एक खास सराव सुरू करू. गॅरेजात गाडी पुढच्या-मागच्या स्टँडवर पक्की उभी करायची, एक पोरगा धरायला. तू पूर्ण सूट, हेल्मेट, बूट घालून बसायचं आणि वीस मिनिटं डावं वळण, उजवं वळण, ब्रेक, असं करत राहायचं. मग चाळीस मिनिटं विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं. असं तीनदा. ट्रॅकवरचा दिवस असाच तुटक असतो, थंड झालेलं अंग पुन्हा पेटवावं लागतं. सलग दोन तास पळणाऱ्यालाही हे जड जातं, मी पाहिलंय.

उन्हाला हलकं समजू नकोस. आपली हवा कोरडी आणि मवाळ, चेन्नईची दमट. तिथं घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. २०२३च्या सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली तेव्हा उकाड्यामुळं शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली होती, तरी दुसरा आलेला होर्खे मार्टिन शर्यत संपल्यावर उन्हानं आणि पाणी कमी पडल्यानं कोसळला. तो तर जगातल्या सगळ्यात तयार अंगांपैकी एक. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून निघण्याआधी दोन आठवडे सराव दुपारी करायचा, आधी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत, आणि एकट्यानं नाही. गरगरलं, मळमळलं किंवा अंगावर काटा आला की लगेच सावलीत. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर सूटची चेन उघडून सावलीत बसायचं आणि ओआरएस प्यायचं. मोठं पाकीट एका लिटरचं असतं, ते एका लिटरमध्येच कालवायचं. अर्ध्या बाटलीत कालवून कडक पेय करणारे बघितलेत, त्यानं पोट बिघडतं. लघवी गडद झाली तर पाणी कमी पडलंय. मी त्या दिवशी सकाळपासून दोन चहांवर होतो.

खाण्याचं थोडक्यात. पैलवानाचा खुराक तुला नको, त्याला वजन वाढवायचं असतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पी, पण गल्लास एकच. तांबडा-पांढरा आठवड्यातून एकदा ठीक, निघायच्या आदल्या दिवशी नको. ट्रॅकवर दोन केळी, इडली, दुपारी थोडा दहीभात. पोटभर जेवून वाकून बसता येत नाही. झोप मात्र आठ तास, त्यात काटकसर नाही.

पडायलाही शिकायचंय. हे मी फार कळकळीनं सांगतोय. तालमीतल्या तांबड्या मातीत कोलांट्या मार, खांद्यावरून लोळायला शिक. पडताना हात टेकायचा नाही, हे अंगात मुरलं पाहिजे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. गाडी घसरली की तिला सोडून द्यायची. हात छातीशी, आणि आपण पूर्ण थांबलोय याची खात्री होईपर्यंत उठायचं नाही. थांबलोय असं वाटतं तेव्हाही माणूस पुष्कळदा घसरतच असतो. हे मला तालमीत शिकवलं होतं, पण मी कुस्तीपुरतं धरलं.

आणि एक वचन हवं मला. हे तीन महिने अंगात जोर येईल, पाय शिवशिवतील. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी झुकवून रस्त्याला गुडघा टेकवून बघायचा नाही. तिथं खडीच्या जागी दरी आहे, आणि वळणापलीकडून ऊसाचा ट्रॅक्टर येतो. माझ्या बरोबरीचा एक जण असाच गेला. त्याची आई अजून गॅरेजवरून जाताना माझ्याकडं बघत नाही.

चेन्नई इथून नऊशे किलोमीटरच्या वर. गाडी चालवत जायचा विचार करत असशील तर सोड. गाडी टेम्पोनं पाठवू, तू एक दिवस आधी रेल्वेनं पोहोच, झोप काढ, संध्याकाळी ट्रॅक चालत फिरून बघ. पहिलं सेशन सत्तर टक्क्यांनीच चालवायचं. शेवटच्या सेशनला अंग जड वाटलं तर सूट उतरवून सामान बांधायचं. पैसे भरलेत म्हणून उतरायचं नाही. मी सकाळी नाही, दुपारीच पडलो होतो.

रविवारी पहाटे सहाला पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाशी ये, सायकल घेऊन. मी तुझ्या मागं मागं चढेन. हँडल किती आवळतोस ते चढावरच दिसेल मला. येताना दोन बाटल्या पाणी आण, आणि मागच्या ब्रेकची केबल सैल झाली आहे तुझ्या सायकलची, ती शनिवारी संध्याकाळी दाखवून जा.

तुझा,
काका