ब्रेकचे होज बदलण्याआधी

पेडल स्पंजसारखं लागतंय म्हणून लगेच स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑईल नेणाऱ्या लवचिक नळ्या) मागवू नका. आधी ब्रेकचं ऑईल बदलून नीट ब्लीडिंग करा, म्हणजे नळ्यांतली हवा बाहेर काढा. ब्रेक ऑईल ओल शोषतं, आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. तरीही पेडल मऊच असेल, तर कुणालातरी ते जोरात दाबायला सांगा आणि चाकाजवळचा रबरी होज बोटांत धरा. फुगताना जाणवला, किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर खुशाल बदला.

नवखे इथे चुकतात:
- होजचे नट साध्या पान्याने खोलतात आणि कडा गोल होतात. नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पानाच घ्या.
- बँजो बोल्टचे (होज जोडणारा पोकळ बोल्ट) जुने तांब्याचे वॉशर परत वापरतात. दर वेळी नवे हवेत.
- ब्लीडिंग करताना ब्रेक ऑईलची टाकी रिकामी होऊ देतात. हवा शिरली की सगळं पहिल्यापासून.

होज बसला की स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, चाकं लोंबकळत असतानाही बघा. होज कुठेही ताणला जाऊ नये, टायरला घासू नये. गाडी कायमची उंच करून घेतली असेल तर हे दोनदा तपासा, होज लांबच लागतील.

मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणाऱ्या पंपाचं, नंतर बघू. पहिल्यांदा करताय, अख्खा दिवस मोकळा ठेवा. जमेल तुम्हाला.