स्क्रीनवर कळतं, कागदावर येत नाही

"मॅडम, संगणकावरचं सिम्युलेशन बघताना सगळं कळतं. कागद समोर आला की डोकं कोरं." भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या कितीतरी मुलांकडून मी हे ऐकलंय. पाठोपाठ येतंच, "म्हणजे मला फिजिक्स जमतच नाही."

असाच एक मुलगा (ओळख बदलली आहे) समुपदेशनाच्या दुसऱ्या भेटीत म्हणाला, "समीकरण बघताक्षणी कळलंच पाहिजे ना? बाकीच्यांना कळतं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे मनातल्या अवास्तव सक्ती ओळखून त्या बदलायच्या पद्धतीने, काम करते, त्यामुळे माझे कान त्या 'च'वर थांबतात. 'कळलं तर बरं' ही इच्छा. 'कळलंच पाहिजे' ही सक्ती. त्या सक्तीला घाबरून तो वही टाळायचा आणि स्क्रीनवर तेच ते पाहत बसायचा. तिथे चुकायची सोयच नव्हती!

पुढच्या वेळी त्याला लॅपटॉप आणायला सांगितलं. क्वांटम टनेलिंग लावलं, म्हणजे ऊर्जा कमी असूनही कण अडथळ्यापलीकडे कसा जाऊ शकतो ते दाखवणारं सिम्युलेशन. तरंग अडथळ्यावर आदळत होता, दहा टक्के पलीकडे झिरपत होता.

"आता अडथळ्याची रुंदी दुप्पट कर. पण आधी सांग, किती जाईल?"

"चुकलं तर?"

"चुकू दे. लिही."

पेन्सिल बराच वेळ हलली नाही. मग अगदी बारीक अक्षरात त्याने 5 लिहिले आणि बटण दाबलं. एक टक्काही पलीकडे गेलं नाही. तो स्क्रीन सोडून त्या पाचाकडेच पाहत राहिला. मी मुद्दाम गप्प बसले. मग त्याने स्वतःहून वही ओढली, समीकरण मांडलं आणि जवळजवळ ओरडलाच, "मॅडम, रुंदी घातांकात आहे! निम्मं कसं होईल?" म्हणजे रुंदी वाढली की पलीकडे जाणारा भाग त्याहून कितीतरी झपाट्याने घटतो.

ज्या समीकरणाला तो महिनोन्‌महिने घाबरत होता, त्याच्याकडे तो आपल्या पायांनी गेला. त्याला तिथे नेलं त्या चुकलेल्या पाचाने. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवलेत.

त्याला मी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेची गोष्ट सांगितली. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि त्यांचे सहकारी पास्ता व उलम यांनी संगणकावर स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी चालवली. प्रोग्राम मेरी त्सिंगू यांचा. ऊर्जा कंपनाच्या सगळ्या प्रकारांत पसरेल असा त्यांचा अंदाज होता. ती फिरून जवळपास सगळी मूळ प्रकारात परत आली. 1955 च्या त्यांच्या अहवालातल्या या कोड्यावर पुढे कितीतरी संशोधन झालं. फर्मींचा अंदाज चुकू शकतो, तर तुझा का नाही?

म्हणून मुलांनो, बटण दाबण्याआधी अंदाज लिहा, पेनाने, आणि खोडू नका. चुकला तर समीकरणात नेमकी ती जागा शोधा. शिक्षकांनीही वर्गात त्यासाठी दोन मिनिटं द्यावीत, आणि त्या अंदाजांना गुण देऊ नयेत.