वांद्र्याच्या रणवार गावात काय आणि कसं पाहावं?

वांद्र्यात जुन्या घरांचं एक गाव अजून उरलंय म्हणतात, एका सकाळी तिथं काय पाहावं, असं तुम्ही विचारलंय. ते गाव म्हणजे रणवार. हिल रोडला लागूनच आहे. कॉलेजची तीन वर्षं मी तिथल्या एका माडीवर भाड्यानं राहिले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वरोडा रोड किंवा व्हेरॉनिका स्ट्रीटनं आत शिरा आणि आधी जिने बघा. बऱ्याच घरांचा जिना बाहेरून, थेट गल्लीतून वर चढतो. खाली घरमालक, वर भाडेकरू, दोघांची वाट वेगळी. तरी मला कधी गुपचूप वर जाता आलं नाही. एक पायरी हमखास वाजायची आणि आतून आजींची हाक यायची, "आयलीस का गो?"

ही हाक मराठीच आहे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. पुष्कळांना वाटतं ही घरं गोव्याहून आलेल्यांची. तसं नाही. ती ईस्ट इंडियन समाजाची. हा समाज इथलाच, भातशेती आणि मासेमारी करणारा, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेला. वांद्रं ज्या बेटावर आहे ते साष्टी बेट 1534च्या तहानं पोर्तुगिजांकडे गेलं, त्यानंतरची ही गोष्ट. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र 1887चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा समाजानं घेतलेलं.

मग वर छपराकडे बघा. चपटी मंगलोरी कौलं दिसली तर ते छप्पर 1865 नंतरचं, कारण मंगळूरला बाझेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. भिंती त्याहून जुन्या असू शकतात. त्याच सुमारास वांद्र्याचं नशीबही पालटत होतं. 1845ला माहीमचा कॉजवे झाला, त्याआधी खाडी होडीनं ओलांडावी लागे. 1860च्या दशकात रेल्वे आली. शेतकऱ्याच्या घराला वर माडी, नक्षीचे लाकडी कठडे आणि भाडेकरू मिळाले ते या काळात.

क्रूस चुकवू नका. 1896च्या प्लेगच्या साथीत लोकांनी वांद्र्यात ठिकठिकाणी क्रूस उभारले, गावावरचं संकट टळावं म्हणून. पायथ्याशी कोरलेली सालं थांबून वाचा.

चॅपल रोडवर भिंतींवर सिनेमाची मोठी चित्रं आहेत, ती आपोआप दिसतीलच.

मी राहायचे ते घर आता नाही. लाकूडकामाची डागडुजी महाग, जमिनीला आभाळाएवढा भाव आणि एका घराला सात-आठ वारस. विकणाऱ्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही, पण त्या ठिकाणी केलेली गाड्या लावायची जागा बघून मी रडले होते. म्हणून म्हणते, जायचंच तर लवकर जा.

उरलेल्या घरांत माणसं राहतात. खिडकीतून आत डोकावू नका, फोटोआधी विचारा. कुणी ओटीवर बसलं असेल तर सरळ मराठीत बोला, चेहरा खुलतो.

आणि सकाळचाच हट्ट नसेल तर मे महिन्यातली संध्याकाळ निवडा. तेव्हा क्रूसापुढे शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात. मी होते तेव्हा नंतर उकडलेले चणे वाटत असत. कुणी मूठ पुढे केली तर ओंजळ धरा.