पाणी नसलेल्या साओ व्हिसेंते बेटावर मिंडेलोसारखे मोठे बंदर कसे वसले?

याचे मुख्य कारण म्हणजे पोर्तो ग्रांदे हा उपसागर. पश्चिम आफ्रिकेजवळ अटलांटिक महासागरात असलेल्या केप व्हर्दे द्वीपसमूहातील हे बेट इतके कोरडे की, पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात या बेटांचा ताबा घेतल्यावरही येथे पुढची जवळजवळ साडेतीनशे वर्षे धड वस्ती झाली नाही; मात्र पाण्याखाली गेलेल्या ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेला हा खोल, वाऱ्यापासून सुरक्षित उपसागर वाफेच्या जहाजांच्या काळात एकदम मोलाचा ठरला. १८३८ मध्ये इंग्रजांनी येथे कोळशाची वखार सुरू केली आणि ब्रिटनहून ब्राझील, अर्जेंटिनाकडे जाणारी जहाजे वेल्समधून आणलेला कोळसा भरून घेण्यासाठी येथे थांबू लागली. १८७४ मध्ये युरोप आणि ब्राझीलला जोडणारी समुद्राखालची तारही येथूनच गेली.

पाण्याचे काय, हा आपला प्रश्न रास्तच आहे. शेजारच्या, डोंगराळ आणि तुलनेने हिरव्या सांतो अंताव बेटावरून पिण्याचे पाणी बोटींनी आणून विकले जाई. भाजीपाला आजही बराचसा तिथूनच येतो. आता समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात.

जहाजे डिझेलवर धावू लागली आणि लास पाल्मास व डकार या बंदरांनी गिऱ्हाईक ओढून नेले, तेव्हा मिंडेलोची भरभराट ओसरली. खलाशांनी गजबजलेल्या तिथल्या गुत्त्यांमधून मोर्ना हे विरहगीत मात्र टिकले. मोर्ना गाणारी प्रसिद्ध गायिका सेझारिया एव्होरा (१९४१–२०११) याच शहरातली, आणि बेटाच्या विमानतळालाही आज तिचेच नाव आहे.