घेऊन २२ दिवस झाले आणि हेड गॅस्केट उडालं

प्रश्न : काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडनं २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, एमएच ०९ पासिंग, २ लाख ३० हजारांना, त्यातले १५ हजार एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचं आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात आल्यावर द्यायचे ठरलेत. तीन आठवडे बेळगाव-खानापूर फिरवली, काही त्रास नाही. २२ व्या दिवशी घरच्यांना घेऊन गोव्याला गेलो, परत येताना चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला, वाटलं कणकुंबी येईपर्यंत निभावेल, पण त्याच्या आधीच बॉनेटमधनं वाफ आली. पाणी ओतत ओतत घरी आणली. आता सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर हादरते, सायलेन्सरमधनं पांढरा धूर, रोज अर्धा लिटर पाणी जातंय पण खाली एक थेंब नाही. मेस्त्रीनं बघून सांगितलं, "हेड गॅस्केट होग्याद्री" (म्हणजे गेलंय), खर्च २२ हजार. दुसरा म्हणतो ८०० रुपयांची गळती बंद करायची बाटली रेडिएटरमध्ये ओता आणि महिन्याभरात गाडी देऊन टाका. डीलर आता फोन घेत नाही, पण घेताना व्हॉट्सॲपवर "इंजिन शंभर टक्के ओके" असं लिहिलेलं माझ्याकडं आहे. काय करू? इन्शुरन्समधनं काही मिळेल काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिली गोष्ट, गाडी आता स्टार्ट करू नका. रोज सकाळी बघायला म्हणून सुद्धा नको. तुम्ही लिहिलंय की मिनिटभर हादरते, म्हणजे रात्रभर थोडं थोडं पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय, सकाळी ते प्लगवर येतं आणि तो सिलिंडर पेटत नाही. हेच पाणी एखाद्या रात्री जास्त उतरलं आणि तुम्ही सेल्फ मारला तर पिस्टनला वर जायला जागाच नसते, पाणी हवेसारखं दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ हजाराचं काम त्या एका सेल्फमध्ये कुठल्या कुठं जाईल.

हेड गॅस्केट म्हणजे ब्लॉक (इंजिनचा खालचा, सिलिंडरचा भाग) आणि हेड (त्यावरचं झाकण) यांच्या मधला पातळ पत्रा, आताच्या बऱ्याच गाड्यांत स्टीलचे दोन-तीन थर एकावर एक. त्याच्या एकाच अंगावर तीन वाटा सांभाळायच्या असतात, सिलिंडरमधला स्फोट, ऑइल आणि पाणी. यातल्या कुठल्याही दोन वाटा एकमेकींत फुटल्या की झालं. तुमच्या गाडीत पाणी आणि सिलिंडर यांच्यामध्ये फुटलंय असं लक्षणांवरनं वाटतं. ऑइलमध्ये पाणी गेलंय का ते डिपस्टिक (ऑइल मोजायची सळई) काढून बघा, चहासारखं दुधाळ दिसलं तर ते ऑइल आणि फिल्टर तर बदलावाच लागेल, शिवाय काम झाल्यावर थोडी चालवून परत एकदा बदलायचं, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही.

पण उघडायच्या आधी खात्री करून घ्या, आणि ती लेखी घ्या. गाडी स्टार्ट करू नका म्हटलं खरं, टेस्टसाठी एकदा करावी लागणार, ती गॅरेजमध्येच, मेस्त्रीला आधी प्लग काढून सेल्फ मारायला सांगा म्हणजे आतलं पाणी बाहेर उडेल. मग प्लग बसवून ब्लॉक टेस्टर लावायचा. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसते, त्यात निळं पाणी असतं, सिलिंडरमधला धूर रेडिएटरमध्ये येत असेल तर ते निळं पाणी पिवळं होतं. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर गेलंय. ह्या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, गाडीचा नंबर आणि किलोमीटर दिसले पाहिजेत, आणि गॅरेजच्या लेटरहेडवर किंवा जॉबकार्डवर तारखेसह लिहून घ्या. डीलरशी बोलायला ह्याचाच उपयोग होणार.

आता खरं काम. हेड उतरवल्यावर नुसतं नवीन गॅस्केट टाकून बसवू देऊ नका, ह्या एका गोष्टीवर हट्ट धरा. माझ्याकडनंच एकदा ही चूक झाली होती, बरीच वर्षं झाली, गिऱ्हाईक निपाणीचं, तंबाखूचा सीझन, गाडी उद्याच पाहिजे म्हणून मागं लागलं, आणि मी हेड फेसिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) न पाठवता बसवून दिलं. तीन आठवड्यांत तवंदी घाटात तीच गाडी त्याच सिलिंडरवर उडाली. दुसऱ्यांदा सगळं माझ्या पैशानं केलं पण त्या माणसाचे बुडालेले दिवस मी भरून देऊ शकलो नाही, ते अजून मनात आहे.

हेड अल्युमिनियमचं असतं, ब्लॉक बिडाचा असेल तर अल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून एकदा भयंकर तापलं की हेड वाकतं. डोळ्याला दिसत नाही. हेड उलटं ठेवून साफ करायचं, त्यावर स्ट्रेटएज, म्हणजे एकदम सरळ धारेची पट्टी, आडवी, उभी आणि तिरकी धरायची आणि मागनं बॅटरी मारायची, वाकलेलं असेल तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये उजेडाची केसासारखी रेघ दिसते. तिथं फीलर गेजचं (फट मोजायचं) पातं घालून बघायचं. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांची हद्द ०.०५ मिलिमीटर असते, तुमच्या मॉडेलची नेमकी हद्द मेस्त्रीला सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायला लावा. पातं आत सरकलं तर फेसिंग. आपल्याकडं एक बरं आहे, उद्यमबागेत मशीन शॉप पाहिजे तेवढे, फौंड्रीचं गाव आहे, हेड फेसिंगला लांब पाठवायला लागत नाही. पण फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट करा म्हणून सांगा, हेड बंद करून आत हवा भरतात आणि पाण्यात बुडवतात, तडा असला तर बुडबुडे येतात. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि फेसिंग लागेल तेवढंच, जास्त खरवडलं तर कॉम्प्रेशन वाढतं, टायमिंगवर परिणाम होतो.

बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, शक्य असेल तर स्वतः उभं राहा. हेडचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, ते नवीन. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं असेल तर हवेनं उडवून कोरडं करायचं, नाहीतर टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) खोटं दाखवतो आणि ब्लॉकला तडा सुद्धा जाऊ शकतो. आणि बोल्ट मधनं सुरू करून बाहेर, कंपनीनं दिलेल्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनंच. "माझ्या हाताला कळतंय" म्हणणारा मेस्त्री बाकी सगळ्या कामात चांगला असेल, ह्या कामाला नको.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. गॅस्केट आपोआप उडत नाही, गाडी तापली म्हणून उडतं, मग ती तापली कशानं हे सापडल्याशिवाय हेड बंदच करायचं नाही. तुम्ही लिहिलंय की सपाट रस्त्यावर तीन आठवडे काहीच नाही आणि घाटात पहिल्याच फेरीला तापली. मला पहिला संशय फॅनवर. घाट चढताना गाडी हळू असते, समोरनं वारा नाही, इंजिनवर ताण पूर्ण, तिथं रेडिएटरचा फॅनच सगळं करतो, तो रिले नाहीतर फ्यूज गेल्यामुळं फिरत नसेल तर खानापूर रोडवर कळणारच नाही. दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं सोडत नाही ती झडप. आपल्याकडं गाडी तापली की हा "वॉल" काढून टाकायची फार वाईट सवय आहे, मग सपाटीवर काटा खालीच राहतो आणि रोग झाकला जातो. हेड उघडलंय तेव्हा हाउसिंग खोलून बघा थर्मोस्टॅट आहे का, नसेल तर त्याचाही फोटो काढा, म्हणजे गाडी पहिल्यापासनं तापत होती आणि कुणालातरी ते माहीत होतं. रेडिएटर गाळानं भरलाय का, वॉटर पंपाची पाती झिजलीत का, कॅपचं रबर आणि स्प्रिंग धड आहे का, हे पण. आत तांबूस गंजाचं पाणी निघालं तर समजा वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोरचं पाणी भरलंय. इथनं पुढं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच.

८०० रुपयांच्या बाटलीबद्दल. ओतू नका. होजपाइपच्या बारीक गळतीला ते कदाचित चार दिवस धरेल, पण सिलिंडरमधल्या स्फोटाच्या दाबापुढं ते टिकत नाही आणि तो चिकट माल रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि महिन्यात देऊन टाका म्हणजे काय, तर पुढच्या माणसाला. तुमच्यासारखाच कोणीतरी पै-पै साठवून घेईल आणि लेकराबाळांना घेऊन घाटात उभा राहील. तुम्ही ते करणार नाही असं तुमच्या पत्रावरनं वाटतं, म्हणून तर विचारलंय.

डीलरचं. माणसानं माणसाला घरगुती गाडी विकली असती तर ग्राहक कायद्यात बसवणं अवघड होतं, पण हा गाड्या विकायचा धंदा करणारा आहे, म्हणून २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो. आणि सीमेवरच्या लोकांना हे माहीत पाहिजे, की डीलर कोल्हापुरात असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, हा बदल २०१९ च्या कायद्यानंच आला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्याच्याही आधी डीलरला स्पीड पोस्टानं पत्र, काय बिघडलं, कधी बिघडलं, खर्च किती, १५ दिवसांत उत्तर द्या. हेड उघडायच्या आधी पत्र गेलं तर चांगलं, म्हणजे "मला बघायला दिलंच नाही" असं म्हणायला जागा राहत नाही. तो म्हणेल जुनी गाडी, बघून घेतली. बाहेरनं बघून गॅस्केट दिसत नाही हेच तुमचं म्हणणं, आणि तो व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून प्रिंट पण. बाकी असलेले १५ हजार ही तुमची बोलणी करायची जागा आहे, पण परस्पर बुडवू नका, दुरुस्तीत वळते करून घ्यायचे तर तसं त्याच्याकडनं लिहून घ्या, नाहीतर एनओसी अडकेल आणि एमएच ०९ चं केए २२ करायचं, म्हणजे कोल्हापूरची नोंदणी बेळगावला आणायचं काम लोंबकळत राहील.

इन्शुरन्समधनं हे मिळत नाही, आतला यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत येत नाही. पण गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत पॉलिसी बदलायला अर्ज करायचा असतो, तेवढं विसरू नका.

प्रश्न : परवा संकेश्वरला एक गाडी बघायला जाणार आहे. असलं दुखणं आधी कसं ओळखायचं? ऑइलच्या झाकणाला आतनं पांढरं असेल तर सोडून द्यायची काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तासाभरानं परत या. थंड इंजिनची रेडिएटर कॅप काढा, आत रंगीत कुलंट पाहिजे, तेलाचा तवंग नको. कॅप उघडीच ठेवून स्टार्ट करायला सांगा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, अडकलेली हवा असते, पण ते थांबलेच नाहीत आणि रेस केल्यावर पाणी उसळायला लागलं तर नमस्कार करून घरी या. कॅप लावून दोन मिनिटांत वरचा जाड होज दाबून बघा, इंजिन अजून कोमट आणि होज दगडासारखा कडक, हे पण तेच लक्षण. इंजिन धुऊन चकाचक केलेलं असेल तर मला उलट जास्त बघावंसं वाटतं.

झाकणाच्या पांढऱ्यावरनं एकदम घाबरू नका. आपल्या भागातला पाऊस आणि पहाटेची थंडी, त्यात गाडी रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंतच फिरत असेल तर वाफेचं झाकणाखाली पाणी होऊन तसा फेस धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर तो फेस पुसा, २०-२५ किलोमीटर फिरवून परत बघा. सकाळचा पांढरा धूरसुद्धा पाच मिनिटांत विरला तर दव समजायचा, गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास असला तर कुलंट जळतंय. ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नका, संकेश्वरपासनं तवंदी घाट जवळच आहे, एसी लावून एकदा चढवा आणि वर गेल्यावर गाडी चालूच ठेवून फॅन लागतोय का ते कानानं ऐका.

प्रश्न : मी एकटीच बेळगाव-आंबोली गाडी चालवते. काटा वर जायला लागला तर किती लांब नेता येईल?
– एक वाचिका, बेळगाव

उत्तर : ताई, काटा नेहमीच्या जागेवरनं सरकला की लगेच एसी बंद, आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल्ल. आत उकडेल पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर येते. तरी काटा वरच चालला, लाल दिवा लागला, तर पुढं एक किलोमीटर सुद्धा नको, बाजूला घेऊन इंजिन बंद. वरच्या वाचकाचं नुकसान बहुतेक त्या "कणकुंबीपर्यंत" मध्येच झालंय.

मग थांबायचं, कमीत कमी पाऊण तास. कॅपला हात लावायचा नाही, फडकं धरून सुद्धा नाही, आत पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं, कॅप सैल झाली की ते एकदम उकळून तोंडावर येतं. थंड झाल्यावर हळूहळू भरा, तापलेल्या हेडवर गार पाणी एकदम ओतलं तर तडा जातो. डिकीत २ लिटर तयार कुलंट ठेवा, पण कॅन घट्ट बंद, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासनं लांब, चवीला गोड असतं आणि विषारी आहे. भरल्यावर परत पातळी उतरली तर चालवत आणू नका, टोइंगवाल्याला बोलवा.